जलपर्णी काढायचं यंत्र भाड्यानं घ्यावं का? एका सेवेचं परीक्षण

तळ्याचं पाणी दिसेनासं झालं, वर नुसती हिरवी पानं आणि जांभळी फुलं राहिली, की तळं राखणाऱ्या मंडळींच्या बैठकीत पहिला ठराव यंत्र बोलावण्याचा होतो. पुढे तिरका पट्टा, बाजूला फिरती चाकं आणि पोटात हौदा असलेलं ते तरंगतं धूड पाण्यात उतरतं, तासाभरात मागे मोकळं पाणी दिसायला लागतं आणि काठावरचे फोटो सगळीकडे फिरतात. परीक्षण याच सेवेचं आहे: जलपर्णी काढणारं यंत्र, चालकासकट, ठरावीक मुदतीसाठी भाड्यानं. पाचपैकी तीन गुण. नुसत्या यंत्राला चारच्या वर दिले असते. कापलेले गुण ही सेवा ज्या तऱ्हेनं दिली जाते आणि ज्या घाईनं घेतली जाते त्याचे आहेत.

आधी यंत्र. दोन पोकळ पोंटूनांवर, म्हणजे तरंगत्या बंद टाक्यांवर, डिझेल इंजिन बसवलेलं असतं, इंजिन हायड्रॉलिक पंप फिरवतं, आणि चाकं, पट्टे, पाती सगळी तेलाच्या दाबावर चालतात. मागे पंखा न लावता बाजूला पॅडल चाकं दिलेली असतात, कारण पाण्याखालच्या पंख्याला वेल गुंडाळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पट्ट्याच्या तोंडाशी एक आडवा आणि दोन्ही कडांना दोन उभे कटरबार असतात. रचना शेतातल्या कापणी यंत्रासारखीच, त्रिकोणी पाती मागेपुढे सरकणारी. बहुतेक यंत्रं दीड ते दोन मीटर खोलीपर्यंत कापतात, पण जलपर्णीसाठी हा आकडा फारसा कामाचा नाही, ती तरंगतेच. तिच्यासाठी उभे कटरबार बघायचे. जलपर्णीची रोपं पाण्यातल्या आडव्या धावत्या खोडांनी एकमेकांना बांधलेली असतात. गालिचा दोन्ही कडांनी उभा चिरला नाही तर तो पट्ट्यावर चढत नाही, उलट यंत्रच त्याच्याकडे ओढलं जातं. उभे कटरबार नसलेलं किंवा काढून ठेवलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईचं कारण हेच.

माहितीपत्रकातला ‘तासाला इतके टन’ हा आकडा पट्टा सतत भरलेला असताना काढलेला असतो. काम मात्र फेऱ्यांमध्ये होतं: हौदा भरणं, काठाला येणं, रिकामा करणं, परत जाणं. दाट जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी २०० ते ४०० टन भरतं, आणि त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी असतं. मधला ३०० टनांचा आकडा घेऊ. हौद्यात एका वेळी ३ टन माल बसतो आणि एक फेरी अर्ध्या तासाची आहे असं धरलं, तर आठ तासांत १६ फेऱ्या, म्हणजे ४८ टन, म्हणजे दिवसाला ०.१६ हेक्टर. आता दुसरी बाजू. अनुकूल हवेत जलपर्णी एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. १२ दिवस धरले तर रोजची वाढ साधारण ६ टक्के. पसरायला मोकळं पाणी असलेल्या तळ्यात ४ हेक्टर जलपर्णी असेल तर ती रोज जवळपास ०.२४ हेक्टर वाढते आणि यंत्र ०.१६ हेक्टर काढतं. म्हणजे यंत्र रोज आठ तास राबूनही हरतं. पूर्ण झाकल्या गेलेल्या तळ्यात गर्दीमुळे वाढ मंदावते, पण यंत्रानं थोडं पाणी मोकळं केलं की कडेच्या रोपांना पुन्हा वेग येतो. वरचे हौद्याचे आणि फेरीचे आकडे आपल्या तळ्याचे घालून हाच हिशोब कागदावर मांडावा आणि मगच दिवस ठरवावेत. हिशोब जुळत नसेल तर जास्त दिवस मागू नयेत. एकाच वेळी दोन यंत्रं मागावीत, किंवा वाढ थंडावलेल्या ऋतूत काम घ्यावं. तीस दिवस एक यंत्र आणि पंधरा दिवस दोन यंत्रं, भाडं तेवढंच. निकालात मात्र जमीनअस्मानाचा फरक.

फेरीच्या वेळेत सगळ्यात मोठी चोरी काठावर होते. यंत्राचा मागचा पट्टा थेट डंपरमध्ये किंवा काठावरच्या दुसऱ्या पट्ट्यावर माल टाकू शकला तर रिकामं करायला पाच-सात मिनिटं पुरतात. काठ उंच असेल, चिखल असेल, डंपर वेळेवर नसेल तर यंत्र भरलेल्या पोटानं तासभर उभं. उतरवण्याच्या जागा किमान दोन हव्यात, तळ्याच्या समोरासमोरच्या बाजूंना. काम करतानाचा वेग चालत्या माणसापेक्षाही कमी असतो, त्यामुळे पाचशे मीटरची रिकामी ये-जा अख्ख्या दिवसाचं गणित बिघडवते. या गोष्टी सेवा देणारे क्वचितच आपणहून सांगतात. जागा बघायला न येता फोनवर दिवस सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

आता मुख्य तक्रार. हे यंत्र परक्या वनस्पती काढायला येतं, आणि त्या पसरवायचं उत्तम साधनही तेच असतं. मागच्या तळ्यात कापलेले तुकडे पॅडल चाकांच्या पात्यांत, पट्ट्याच्या जाळीखाली, हौद्याच्या कोपऱ्यांत आणि ट्रेलरच्या आधारफळ्यांवर अडकलेले असतात. पोंटूनमध्ये झिरपलेलं पाणी तसंच राहिलेलं असतं. त्या पाण्यात झेब्रा शिंपल्याच्या जातीची पिल्लं असतील तर ती डोळ्यांना दिसतही नाहीत. हा शिंपला उत्तर अमेरिकेत जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून आला, १९८८मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि नंतर एका सरोवरातून दुसऱ्यात पोचला तो बराचसा ट्रेलरवरच्या होड्यांनी. होडीला जे लागू ते या धुडाला दसपट लागू, कारण याला कोपरे दसपट आहेत.

त्यामुळे यंत्र पाण्यात उतरण्यापूर्वी, तळ्यापासून दूर, ज्या जागेचं पाणी तळ्याकडे वाहत नाही अशा ठिकाणी तपासणी करावी. पट्टे हातानं पूर्ण एक फेरा फिरवून घ्यायचे, कारण थांबलेल्या पट्ट्याची अर्धी बाजू कधी दिसतच नाही. चाकांच्या मुळाशी बोटं घालून बघायचं. पोंटूनची बुचं उघडून पाणी पूर्ण काढायचं. इंजिन तळ्याच्या पाण्यानं थंड होणारं असेल तर त्याच्या नळ्याही रिकाम्या करायच्या. शिंपल्यांचा धोका असलेल्या भागातून यंत्र आलं असेल तर नुसतं धुणं पुरत नाही. पृष्ठभागावर ६० अंश सेल्सिअसचं पाणी प्रत्येक जागी किमान १० सेकंद लागलं पाहिजे. पिचकारीच्या तोंडाशी ६० असलेलं पाणी लोखंडापर्यंत पोचेपर्यंत बरंच निवतं, म्हणून मोजमाप लोखंडावर करायचं. गरम पाण्याची सोय नसेल तर उन्हात पूर्ण कोरडं होऊ देणं हा दुसरा मार्ग. वनस्पतींच्या तुकड्यांसाठी कडक उन्हाचे पाच दिवस ठीक, थंड आणि दमट हवेत मात्र तेवढे पुरत नाहीत, आणि शिंपले मिटून आठवडे काढू शकतात. ‘आम्ही धुऊनच आणतो’ हे उत्तर कोणीही देतं. धुतल्याची तारीख, मागच्या तळ्याचं नाव आणि तिथे काय काढलं, या तीन गोष्टी लेखी मागितल्या की उत्तराचा सूर बदलतो.

यंत्र कोणत्या वनस्पतीसाठी योग्य, हाही प्रश्न सेवा देणारे टाळतात. त्यांच्या लेखी सगळंच शेवाळ. जलपर्णीसाठी यंत्र ठीक, कारण अख्खं रोप मुळांसकट वर येतं. साल्व्हिनिया मोलेस्टा या तरंगत्या नेचासाठी जेमतेम: तो बीजाणूंनी वाढत नाही, पण तुटलेल्या प्रत्येक पेऱ्यातून नवं रोप उभं करतो, आणि उत्तम परिस्थितीत दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. जाळीतून गळलेली मूठभर पानं पुरतात. तळाला रुजलेल्या हायड्रिला, कॅबोम्बा, मिरिओफिलम यांच्यासाठी, लागण नवी आणि एका कोपऱ्यात असताना, हे यंत्र साफ चूक. कापलेले तुकडे वाऱ्यानं तळंभर जातात आणि रुजतात; हायड्रिलाचे तर गाळातले कंदही वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तिथे पाणबुड्यानं मुळासकट उपटणं किंवा तळावर अपारदर्शक चटया अंथरून उजेड तोडणं हेच उपाय. शिवाय हायड्रिला काही भागांत मूळचीच आहे आणि तिथे ती उपद्रवी असली तरी परकी नसते. कमळ, कुमुदिनी यांच्या पट्ट्यात तर यंत्र जाताच कामा नये. तेव्हा आधी नक्की ओळख, मग यंत्र. ओळख चुकल्यानं काय होतं याचं उदाहरण साल्व्हिनियाचंच आहे. ती बरीच वर्षं दुसऱ्याच जातीच्या नावानं ओळखली जात होती. मोलेस्टा ही वेगळी जात असल्याचं १९७२मध्ये मांडलं गेलं. तिला खायला आफ्रिकेत सोडलेला भुंगाही त्या दुसऱ्या जातीवरचा निघाला आणि फारसा चालला नाही. आग्नेय ब्राझीलमध्ये तिचं मूळ घर सापडल्यावर तिथला भुंगा १९८०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, तेव्हा साधारण वर्ष-सव्वा वर्षात तलाव मोकळा झाला.

बिघाड नेहमीचेच आणि ठरलेले आहेत. सगळ्यात जास्त वेळा जातात ती कटरबारची पाती: दोरी, जाळ्यांचे तुकडे, तार, बुडालेल्या फांद्या. पाती रिबेट मारून बसवलेली असतात, त्यामुळे सुटी पाती, रिबेट आणि पात्यांना आधार देणारे दोन-चार लोखंडी दाते (गार्ड) यंत्रावरच असतील तर तासाभराचं काम, नसतील तर दोन दिवस यंत्र बंद. दुसरा बिघाड पट्ट्याची जाळी एका बाजूला सरकण्याचा. चालक घाईनं पट्टा एका कडेनं भरतो आणि ओढ असमान होते, म्हणून. तिसरा हायड्रॉलिक नळी फुटण्याचा, आणि तो तळ्यासाठी सगळ्यात वाईट. उन्हानं तडकलेल्या नळ्या वाकवून बघितल्या की लगेच कळतात. वनस्पतीजन्य, विघटन होणारं हायड्रॉलिक तेल वापरण्याची अट करारात असावी आणि तेल शोषणाऱ्या गाद्या यंत्रावर असाव्यात. ही अट ऐकून कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात, कारण जुनं तेल पूर्ण काढून नवं भरावं लागतं. अट सोडू नये.

भरलेलं यंत्र साधारण अर्धा मीटर किंवा जास्त पाण्यात बसतं. म्हणजे काठालगतचा उथळ पट्टा, दगडांमधल्या फटी, बोरूच्या बेटांच्या कडा तशाच राहतात, आणि नवी पैदास नेमकी तिथूनच होते. त्यासाठी माणसं लागतात: लांब दांड्याचे दाताळे, गुडघ्याच्या वर येणारे बूट, आणि गालिचा ओढून यंत्राच्या वाटेवर आणायला वीस-पंचवीस मीटरचा दोर. ही टोळी यंत्राच्या मागे नको, पुढे हवी. माणसांनी काठावरची जलपर्णी खोल पाण्यात ढकलायची आणि यंत्रानं ती उचलायची. कित्येक ठिकाणी ही माणसं करारातच नसतात, आणि मग शेवटच्या दिवशी काठाची हिरवी किनार ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली जाते. त्या किनारीत एका चौरस मीटरला दहा रोपं उरली तरी काही आठवड्यांनी यंत्र बोलावल्याची खूणही राहत नाही.

यंत्राबरोबर काही जण तरंगता बांध देऊ करतात: तरंगणाऱ्या नळ्या आणि खाली जाळीचा झालर. खरं तर ओढ्यातून जलपर्णी वाहून येत असेल तर यंत्राआधी हाच घ्यावा. पूर्ण सेवेतला हा सगळ्यात पैसावसूल भाग. पण तो बहुतेक ठिकाणी ओढ्याच्या तोंडाशी सरळ आडवा ताणलेला दिसतो, आणि पहिल्या मोठ्या पाण्यात तुटतो. आडव्या बांधाच्या मध्यावर सगळा माल साचतो, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. तो तिरका लावावा, प्रवाहाशी ३० ते ४५ अंशांत, म्हणजे वाहून आलेली रोपं घसरत एका काठाला जमतात आणि तिथून उचलता येतात. जमण्याचा काठ डंपर पोचेल तोच निवडावा. दोन्ही टोकं खांबावर वर-खाली सरकणाऱ्या कड्यांत अडकवावीत. टोकं घट्ट बांधली तर पाणी चढल्यावर बांध बुडतो आणि उतरल्यावर लटकतो, दोन्ही वेळा रोपं खालून निसटतात. काठ आणि बांध यांत हातभर फट राहिली तर बांध असून नसून सारखाच. आणि हो, तो रोज रिकामा करावा लागतो. हे काम करणारं माणूस ठरलेलं नसेल तर घेऊच नये.

काढलेल्या मालाचं काय, यावर करारात बहुधा एकच ओळ असते: ‘काठावर टाकणे’. काठावरच्या ओल्या ढिगात आतली रोपं आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, ढिगातून गळणारं काळं पाणी नत्र आणि स्फुरद घेऊन परत तळ्यात उतरतं, आणि पाऊस आला की उरलेलीही उतरतात. ढीग तळ्यापासून निदान तीस मीटर दूर, उलट्या उताराला हवा, आणि पातळ पसरून उलथापालथ करायला हवी. खत करायचं तर ढिगाच्या आत ५५ ते ६० अंशांची उष्णता काही दिवस टिकली पाहिजे, नाहीतर बिया तशाच राहतात. ज्या तळ्यात कारखान्यांचं सांडपाणी येतं तिथली जलपर्णी शिसं, कॅडमियमसारखे जड धातू मुळांत साठवते. तिचं खत किंवा चारा करण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी हवीच.

पैसे कशावर मोजायचे, यावर सगळ्या कामाचा दर्जा ठरतो. टनावर ठरवलं तर ठेकेदार मधला दाट गालिचा आधी आणि ओलागच्च उचलतो. निथळू न देता वजन केलं की पाण्याचे पैसे मिळतात, विरळ कडा मात्र कोणालाच नकोशा. तासावर ठरवलं तर यंत्र रमतगमत चालतं. मोकळ्या झालेल्या क्षेत्रावर ठरवणं बरं, पण त्यातही मेख आहे: वाऱ्यानं गालिचा एका बाजूला गेला की अर्धं तळं फुकटात ‘मोकळं’ होतं. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी, वारा पडलेला असताना, वरून घेतलेल्या ड्रोनच्या फोटोवर क्षेत्र मोजावं आणि रकमेचा एक तृतीयांश भाग बारा आठवड्यांनंतरच्या फोटोवर अवलंबून ठेवावा. बारा आठवडेच का? जलपर्णीच्या बिया गाळात पंधरा-वीस वर्षं तग धरतात आणि वरची सावली हटली, उथळ गाळावर ऊन पोचलं, की पहिला फुटवा साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात दिसतो. अंगठ्याएवढी ती रोपं फुलावर यायच्या आत हातानं वेचली तर पुढचं काम निम्म्यावर येतं. या वेचणीच्या दोन फेऱ्या करारात घालून घेतल्या नाहीत तर ठेकेदार पुढच्या वर्षी हसतमुखानं पुन्हा येतोच.

काही ठिकाणी उचलण्याऐवजी जागेवरच चुरा करणारी बोट स्वस्तात देऊ करतात. कमी खर्च, डंपर नको, फोटोही छान. पण चुरा तळाला जाऊन कुजतो, पाण्यातला ऑक्सिजन संपवतो आणि माशांची मर होते. वर काही पेरी जिवंत राहतातच. बंदिस्त तळ्यासाठी ती नकोच.

जिथे जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगे आधीच सोडलेले आहेत तिथे आणखी एक अट लागते. पानांवर बारीक चौकोनी-गोलसर खरवडल्यासारखे डाग दिसले की ते तळ्यात आहेत असं समजावं. यंत्र पानं उचलतं तेव्हा भुंगे आणि देठातल्या अळ्याही उचलतं. एक-दोन कोपरे तरंगत्या बांधानं वेगळे करून राखीव ठेवले तर त्यांची वस्ती टिकते. हे भुंगे तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचं काम आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ते सोडले आणि दशक संपता संपता जलपर्णी झपाट्यानं घटली. श्रेय भुंग्यांचं किती आणि १९९७-९८च्या अल निनोच्या हवेचं किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पुढे ती परत वाढली, हेही खरं, कारण खाद्य म्हणजे सांडपाण्यातून येणारं नत्र आणि स्फुरद कमी झालं नव्हतं. तुमच्या तळ्यात गटार उतरत असेल तर यंत्राचं भाडं हा दरवर्षीचा खर्च समजूनच अंदाजपत्रकात धरावा.

पट्ट्यावरून मासळीची पिल्लं, गोगलगाई, कासवं वर येतात. हौद्याशी एक माणूस टोपली घेऊन उभा ठेवला तर बरीच परत सोडता येतात. वर आलेलं लाल कानपट्टीचं परकं कासव किंवा अंगावर कडक खवल्यांचं चिलखत असलेला सकर मासा मात्र परत सोडायचा नाही. कमळपक्षी आणि पाणकोंबड्या तरंगत्या पानांवरच घरटी करतात, त्यांच्या विणीच्या काळात यंत्र बोलावू नये.

काम संपल्यावर यंत्र दुपारी बाहेर निघतं आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या तळ्याला पोचायची चालकाला घाई असते. निघतानाची तपासणी होईपर्यंत अनामत रक्कम परत करू नये. ज्या जागी येताना तपासणी केली तिथेच उलट दिशेनं तेच सगळं करायचं: बुचं उघडायची, पट्टा पूर्ण फिरवायचा, चाकांच्या मुळातल्या पेंढ्या उपसायच्या, धुतलेलं पाणी तळ्यात न जाऊ देता गवतात जिरू द्यायचं, आणि तारखेसह दोन ओळींचा कागद चालकाच्या हाती द्यायचा. पुढच्या तळ्यावरची माणसं तो मागतील.